सैल केलेलं बँडेज : दांडिया बाजारातलं एक प्रकरण

रुग्ण सात वर्षांचा मुलगा, उजव्या हाताने लिहिणारा. दुखापत डाव्या कोपराला. ठिकाण बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या तीन मजली घराची गच्ची, दिवस उत्तरायणाचा, म्हणजे १४ जानेवारी, आणि वेळ दुपारी साडेचारच्या आसपास. घरच्यांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुलगा माझ्याकडे आला तो ऑपरेशनमध्ये हाड धरून ठेवायला घातलेल्या तारा निघाल्यानंतर. गच्चीवरच्या पहिल्या अर्ध्या तासाची हकिगत मी आई, चुलत बहीण आणि शेजारचे काका अशा तिघांकडून वेगवेगळी ऐकली. तिघांचं पूर्ण जुळत नाही. जिथे जुळत नाही तिथे दवाखान्याच्या केसपेपरवरची नोंद खरी धरली आहे.

काय घडलं

संक्रांतीच्या दोन दिवसांत, उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशीचं वाशी उत्तरायण, बडोद्यात रस्त्यावर कमी आणि अगाशीवर जास्त माणसं असतात. आपल्या मराठी घरांत तिळगूळ, हळदीकुंकू सगळं होतंच, आणि वर उंधियू-जिलेबी खाऊन दुपारभर पतंगही. या घरी धाकट्या बहिणीचं बोरन्हाणही त्याच दिवशी ठेवलेलं, त्यामुळे माणसांचा राबता होता. पाण्याच्या टाकीखाली साडेतीन-चार फुटी ओटा आहे. टाकीच्या पाइपात अडकलेला पतंग काढायला मुलगा त्यावर चढला आणि मागे सरकता सरकता खाली आला. डावा हात टेकला, कोपर ताठ.

लहान मुलं अशी पडतात तेव्हा बहुतेकदा मोडतं ते दंडाचं हाड, कोपराच्या जरा वर. हे हाड तिथे चपटं होतं, पुढून आणि मागून खळगा असतो आणि मधली भिंत अगदी पातळ. पाच ते सात वर्षं वयाच्या मुलांत हे फ्रॅक्चर सर्वांत जास्त दिसतं. मुलांच्या कोपराजवळच्या फ्रॅक्चरमध्ये पहिला नंबर याचाच. हाताच्या पंजावर जोर येतो, कोपर मागे ताठ होतं, आणि हाडाचा वरचा, टोकदार भाग पुढे घुसतो. नेमकं तिथूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि मधली नस (म्हणजे मज्जातंतू) जाते. या प्रकरणातला सगळा धोका त्या एवढ्याशा जागेत आहे.

पहिली दहा मिनिटं

आई धावली आणि मुलाला उचलायला गेली. तिला थांबवलं ते चुलत बहिणीने, म्हणजे मुलाच्या ताईने. ती कॉलेजात एनसीसीत होती, तिथे प्रथमोपचार शिकलेली. "काकू, आधी उचलू नकोस, विचारू दे." तिने विचारलं ते साधंच: डोकं आपटलं का, मान दुखते का, पोटात दुखतंय का, पाय हलव बघू. मुलगा भोकाड पसरून रडत होता आणि रडता रडता उत्तरंही देत होता. रडणारं मूल श्वास घेतंय, शुद्धीवर आहे, एवढं तरी कळतं. उंचावरून पडलेल्याच्या बाबतीत वाकड्या हाताकडे सगळ्यांची नजर जाते आणि मान, डोकं, पोट राहून जातं. इथे ते राहिलं नाही. ओकारी नाही, गुंगी नाही, मानेत दुखत नाही. मग त्याला ओट्याला टेकवून बसवलं.

कोपर तोवर टरारून सुजलं होतं. बाजूने पाहिलं तर कोपर मागे सरकल्यासारखं दिसत होतं. उजव्या हाताने डावा हात धरून तो कुणाला शिवू देत नव्हता. हे चांगलंच. दुखऱ्या हाताची सर्वांत कमी दुखणारी जागा मूल स्वतः शोधून काढतं, आणि तीच जागा आपण जपायची असते.

इथे शेजारचे काका पुढे झाले. माणूस मदतीला तत्पर, उभी गल्ली त्यांना मानते. ते म्हणाले, "निखळलंय कोपर. एक झटका दिला की बसेल जागेवर, मी दोघांचं बसवलंय." ताईने मुलाच्या पुढ्यात हात आडवा धरला. "काका, ओढू नका. आत काय मोडलंय ते आपल्याला दिसत नाही." काका जरा रागावले, पण थांबले.

हा क्षण मी वर्गात नेहमी सांगते. काकांचा अंदाज अगदीच अडाणी नव्हता, निखळलेलं कोपरही मागे सरकल्यासारखंच दिसतं. पण सात वर्षांच्या मुलात सांधा निखळण्यापेक्षा हाड मोडण्याची शक्यता कितीतरी जास्त. आणि मोडलेल्या हाडाचं टोक रक्तवाहिनीला टेकलेलं असताना झटका दिला तर ती फाटू शकते, नस दोन तुकड्यांत चिमटली जाऊ शकते. एक्स-रे नसताना खेचण्याचं धाडस अस्थितज्ज्ञही सहसा करत नाहीत.

आजी तोवर हळद-तेल गरम करायला खाली गेल्या होत्या. त्या वर आल्या तेव्हा लेप लावू दिला नाही, पण घाबरलेल्या नातवाला साखरपाणी आणि अर्धा तिळाचा लाडू त्यांनी भरवलाच. आजीला कोण अडवणार! त्या लाडवाचं पुढे काय झालं ते येईलच.

बांधणं आणि सोडणं

घरात क्रेप बँडेज होतं, वडिलांच्या गुडघेदुखीचं. वडिलांनी गुंडाळायला घेतलं. मनगटापासून वर कोपरापर्यंत, आणि प्रत्येक वेढ्याला ताण देत. "घट्ट असलं की हलणार नाही," हे त्यांचं म्हणणं, आणि ते ऐकायला बरोबर वाटतं. खाली आधाराला काहीच नव्हतं, फक्त पट्टी.

पाचेक मिनिटांत मुलाच्या रडण्याचा सूर बदलला. आई म्हणते, आधी तो ओरडत होता, मग कण्हायला लागला आणि सारखा "सोडा, सोडा" म्हणू लागला. बोटांना मुंग्या आल्यात म्हणाला. घरच्यांना वाटलं, हाड दुखतंय. ताईने बोटं पाहिली. दोन्ही हात शेजारी धरले. उजव्याची नखं गुलाबी, डाव्याची फिकट, आणि बोटं गार. तिने डाव्या तर्जनीचं नख चिमटीत दाबून सोडलं. दाबलेलं नख पांढरं होतं, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवं. ते झालं नाही. तिने मनात "एक, दोन, तीन, चार" म्हटलं तरी नख मेणचटच.

तिने पट्टी पूर्ण उलगडली. एकेक वेढा काढला, हात मात्र आईच्या दोन्ही तळव्यांवर होता तसाच ठेवून. मिनिटाभरात बोटांत रंग भरला, "आता बरं वाटतं" असं मुलगा स्वतःच म्हणाला.

या अख्ख्या प्रकरणात माझ्या लेखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच: बांधलेलं सोडलं गेलं. प्रथमोपचार म्हटला की लोकांना बांधणं आठवतं. पण सुजणाऱ्या हातावर बांधलेली पट्टी बांधताना असते तेवढीच राहत नाही, आत सूज वाढते आणि तीच पट्टी घट्ट होत जाते. म्हणून बोटं उघडी ठेवायची आणि पुन्हा पुन्हा पाहायची: रंग, ऊब, स्पर्श कळतो का, बोटं हलतात का. बांधण्याआधी एकदा, बांधून झाल्यावर लगेच, आणि मग दवाखान्यात पोहोचेपर्यंत दर दहा मिनिटांनी. जानेवारीत नुसत्या थंडीनेही बोटं गार पडतात, म्हणून नेहमी दुसऱ्या हाताशी ताडून बघायचं.

सैल करूनही रंग परतला नसता तर? मग गच्चीवर आणखी काही करत बसायचं नाही. "हात पांढरा आणि गार आहे" हे वाक्य फोनवर दवाखान्याला सांगायचं आणि निघायचं. अशा वेळी मिनिटं मोजावी लागतात.

ताईने मग नीट आधार केला. जुन्या वर्तमानपत्रांची जाड घडी, तिच्यावर पंचा, आणि ती घडी हात ज्या कोनात होता त्याच कोनात वाकवून दंडापासून तळहातापर्यंत खालून लावली. वर तेच क्रेप बँडेज, पण आत एक बोट सहज जाईल इतकं सैल, आणि कोपराच्या पुढच्या बाजूला वेढा न देता वर आणि खाली. नंतर ओढणीने हात अलगद छातीशी बांधला. गळ्यात झोळी अडकवून कोपर काटकोनात आणायचा मोह सगळ्यांना होतो, शाळेच्या पुस्तकातलं चित्रच तसं असतं. या दुखापतीत तो टाळायचा. सुजलेलं कोपर जास्त दुमडलं की आतली रक्तवाहिनी आणखी दबते. मूल जेवढं आपणहून दुमडतं तेवढंच.

एक गोष्ट मात्र राहिली होती. मनगटात चांदीचं कडं होतं, बारशाला मामाने दिलेलं आणि आता जरा घट्टच झालेलं. भांड्यांचं लिक्विड लावून ते सरकवायला बराच वेळ गेला. पंजा सुजला असता तर दवाखान्यात ते कापावं लागलं असतं. अंगठी, कडं, बांगड्या, मनगटातला काळा दोरा, घड्याळ हे सगळं बांधण्याच्या आधी काढायचं, कोपर मोडलं असलं तरी. सूज कोपराकडून खाली पंजाकडे सरकते.

ताईने आणखी एक शहाणपण केलं. पट्टी बांधण्यापूर्वी मोबाइलवर कोपराचे दोन फोटो काढले, एक समोरून, एक बाजूने. त्यामुळे अपघात विभागात प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवायला पट्टी उघडावी लागली नाही. पडल्याची वेळ आणि शेवटचं काय खाल्लं तेही तिने फोनमध्ये लिहून ठेवलं. बर्फ रुमालात गुंडाळून कोपराच्या बाजूला धरला, मधे मधे काढत.

उतरणं आणि नेणं

जुन्या घराचा जिना अरुंद आणि उभा. मुलाला कडेवर घेतलं असतं तर दुखरा हात भिंतीला घासला असता. तो स्वतःच्या पायांनी बसत बसत उतरला, एक माणूस खाली, एक वर. गल्लीत गाडी येत नाही, ती कोपऱ्यावर उभी केली. वडील स्कूटर काढत होते, मुलाला मधे बसवून नेऊ म्हणाले. उत्तरायणाच्या दिवशी स्कूटरवर मांजाची भीती वेगळीच, पण ती नसती तरी मोडक्या हाताचं मूल दुचाकीवर घ्यायचं नसतं. गुजरातमध्ये २००७ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. डोक्याला किंवा मानेला मार असता, बोटं पांढरी राहिली असती, जखमेतून हाड दिसत असतं, तर १०८ लाच फोन करायचा होता. इथे मूल शुद्धीवर, हात आधारात, बोटं गुलाबी. गाडीने नेण्यात काही चुकलं नाही.

दवाखान्यात

एक्स-रेत दंडाच्या हाडाचं कोपरावरचं फ्रॅक्चर दिसलं, पूर्ण सरकलेलं. गार्टलँडने १९५९ मध्ये याचे तीन प्रकार मांडले, त्यातला हा तिसरा, म्हणजे दोन्ही टोकांचा एकमेकांशी संबंधच राहिलेला नाही. मनगटाची नाडी लागत होती. नसा तपासायला तरुण डॉक्टरांनी मुलाशी स्टोन-पेपर-सिझर खेळायला घेतलं. मूठ वळली, पंजा उघडला, कात्रीही झाली. मग त्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या टोकांचा गोल करायला सांगितला. गोल होईना. बोटं टोकांवर टेकायच्या ऐवजी सपाट एकमेकांवर पडत होती. मधल्या नसेची एक आतली फांदी दबली होती. त्या फांदीत त्वचेची संवेदना नसते, त्यामुळे बधिरपणाची तक्रार येत नाही आणि हा दोष सहज नजरेतून सुटतो. ऑपरेशनच्या आधी ही नोंद झाली हे फार बरं झालं, नाहीतर दोष ऑपरेशनच्या माथी गेला असता.

आता तो लाडू. भूल देताना पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून घन आहारानंतर सहा तास थांबतात, नितळ पाण्यानंतर दोन. दुखापतीनंतर पोट रिकामं व्हायलाही उशीर लागतो. हाताला रक्त नीट जात होतं म्हणून थांबणं शक्य होतं, आणि भूलतज्ज्ञ थांबले. रात्री अकराच्या पुढे हाड बाहेरूनच बसवून दोन तारा घातल्या, वर मागून प्लास्टरचा आधार. रक्तपुरवठा तुटलेला असता तर भरल्या पोटी भूल देण्याची जोखीम घ्यावी लागली असती. ज्याचं हाड मोडल्याची शंका आहे त्याच्या तोंडात डॉक्टर भेटेपर्यंत काही घालायचं नाही, मग संक्रांत असो की दिवाळी.

रात्रभर नर्स दर तासाला बोटं बघत होत्या. आईला वाटलं, ऑपरेशन झालं, आता कशाला? कारण पट्टीसारखाच ताण आतूनही येतो. हाताचे स्नायू चिवट आवरणांच्या कप्प्यांत असतात. कप्प्यात सूज वाढली की घट्ट अभ्र्यात कोंबलेल्या उशीसारखी गत होते: जागा वाढत नाही, दाब वाढतो, आणि रक्त आत शिरेनासं होतं. स्नायू असे चार ते सहा तास काढतात, पुढे मरू लागतात. मेलेला स्नायू आक्रसतो आणि बोटं पक्ष्याच्या पंजासारखी वाकून कायमची राहतात. घट्ट बांधण्याशी याचा संबंध जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच मांडला होता. त्याची खूण नाडी जाणं ही नव्हे, नाडी शेवटपर्यंत लागू शकते. खूण म्हणजे दुखापतीच्या मानाने न शोभणारं, वाढतच जाणारं दुखणं, आणि बोटं हळूच सरळ केली की किंकाळी. लहान मूल "दुखतंय" असं नीट सांगत नाही. ते बेचैन होतं, चिडतं, आणि औषधाचा पुढचा डोस आधीच मागतं. गच्चीवर "सोडा, सोडा" म्हणणारा मुलगा नेमकं हेच सांगत होता.

हाडवैदाबद्दल लोक मला हमखास विचारतात. साधी, न सरकलेली फ्रॅक्चरं कुणीही बांधली तरी बहुतेक भरून येतात, म्हणून त्यांचं नाव होतं. पण बांबूच्या पट्ट्या आवळून "आज रात्री दुखेल, सोडू नका" असं सांगून घरी पाठवणं याच्याइतकं घातक वाक्य कोपराच्या बाबतीत दुसरं मला माहीत नाही.

पाय असता तर

त्याच ओट्यावरून आजोबा पडले असते आणि मांडी मोडली असती तर हिशेब वेगळा. मांडीच्या हाडाभोवती बाहेर थेंबही न दिसता एक ते दीड लिटर रक्त आत साठू शकतं. तिथे उभं करून बघायचं नाही, बसत बसत जिना उतरवायचा नाही, दोन पायांमध्ये उशी घालून दुखरा पाय धडधाकट पायाला बांधायचा आणि १०८ ची वाट बघायची. पायातही तीच तपासणी: बोटांचा रंग, ऊब, घोट्याच्या पुढची हालचाल. हाड बाहेर आलं असेल तर आत ढकलायचं नाही, स्वच्छ ओल्या कापडाने झाकायचं. रक्त उसळत असेल तर जखमेवर तळव्याने दाब द्यायचा, कापड भिजलं तरी न उचलता वरून दुसरं ठेवून दाबत राहायचं. बहुतेक रक्तस्राव दाबानेच थांबतो.

मांजाने कापलेलं बोट याच दिवसातलं. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, पण बोटं कापली जातातच. जखम वरून बारीक दिसते, हळद भरून लोक पुन्हा पतंगाला लागतात. प्रत्येक बोटाचं टोक वेगळं वाकवून पाहायचं. वाकत नसेल तर बोट वाकवणारी आतली दोरी (टेंडन) तुटली आहे आणि ती शिवावी लागते.

आत्ताची स्थिती

चौथ्या आठवड्यात तारा काढल्या आणि मुलगा माझ्याकडे आला. कोपर ना पूर्ण सरळ होत होतं, ना पूर्ण दुमडत होतं. अंगठा-तर्जनीचा गोल अजून कच्चा, पण तर्जनीचं टोक थोडं हलू लागलं होतं. दबलेली नस बहुतेक आपणहून जागी होते, काही आठवडे ते काही महिने लागतात. या मुलाचा गोल तिसऱ्या महिन्यात पूर्ण झाला.

शेजारचे काका पहिल्या दिवशी सोबत आले होते. त्यांचा प्रश्न होता: "हातात पाण्याची छोटी बादली धरून चालायला लावलं तर कोपर लवकर सरळ होईल ना?" आजींचा प्रश्न मालिशचा. दोन्हींना नाही म्हटलं. ताज्या भरलेल्या कोपराला वजन लटकवलं किंवा चोळलं की स्नायूत हाडासारखा कडकपणा तयार होऊ शकतो, आणि मग खरंच वाकेनासं होतं. मुलाला मी एवढंच दिलं: स्वतःच्या जोराने दिवसातून काही वेळा दुमडणं-सरळ करणं, आंघोळीच्या कोमट पाण्यात, आणि बाकी वेळ खेळ. दुसऱ्या कुणी हात धरून वाकवायचा नाही, आईनेही नाही. काकांना काम हवंच होतं, तर त्यांना वहीत रोजची नोंद लिहायला सांगितलं. ते ती नेमाने लिहितात.

सरळ होण्यात शेवटचे दहाएक अंश अजून बाकी आहेत, ते वर्षभरात येतात. पुढच्या तपासणीत दोन्ही हात शेजारी सरळ ठेवून कोपराचा कोन पाहायचा आहे. हे हाड जरा तिरकं भरलं तर हात आतल्या बाजूला वळलेला दिसतो, आणि ते उजव्या हाताशी ताडल्याशिवाय कळत नाही.